मोटार नसलेले गाव : माथेरान

आपल्या सणसवाडीतून नगर रोड जातो. कंपन्यांचे ट्रक रात्रंदिवस चालू असतात. पण महाराष्ट्रात एक गाव असं आहे, की तिथे मोटारींना बंदी आहे. ते म्हणजे माथेरान. माझे मामा नेरळला राहतात, म्हणून मी ते दोनदा पाहिलं आहे. त्याची माहिती सांगतो.

माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात डोंगरावर आहे. उंची सुमारे ८०० मीटर. १८५० साली ठाण्याचे इंग्रज कलेक्टर मॅलेट तिथे गेले. त्यांना हवा फार आवडली. मग साहेब लोक उन्हाळ्यात राहायला येऊ लागले. पण त्याआधीही त्या डोंगरावर धनगर, ठाकर, कातकरी लोक होतेच.

१९०७ साली नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. तिच्या दोन रुळांत फक्त दोन फूट अंतर आहे. म्हणजे आपल्या एक फुटाच्या दोन पट्ट्या! आगगाडीला सरळ चढ चढता येत नाही. म्हणून रूळ डोंगराला वळसे घेत वर जातात. सुमारे २१ किलोमीटर जायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते.

पाहुणे तिथे काय करतात? घोड्यावर बसतात. पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदय बघतात. इको पॉइंटवर मोठ्यानं ओरडतात आणि डोंगर ओरडून उत्तर देतो. माकडं हातातला खाऊ पळवतात. जाताना सगळे चिक्की नेतात. खूप मजा येते.

पण तिथे राहणाऱ्यांचं काय? मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून बाजार सुमारे अडीच किलोमीटर. मग पीठ, भाजी, गॅसची टाकी वर कशी येणार? घोड्याच्या पाठीवर, नाहीतर माणसाच्या डोक्यावर. म्हाताऱ्या पाहुण्यांना हातरिक्षात बसवून माणसंच ओढायची. चढाला एक जण पुढून ओढायचा आणि बाकीचे मागून ढकलायचे. मी पाहिलं तेव्हा त्यांचे शर्ट घामानं भिजले होते.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा आणि त्या लोकांना ई-रिक्षा द्या. ई-रिक्षा विजेवर चालते. तिचा धूर होत नाही, आवाजही कमी असतो.

काही लोक म्हणतात, ई-रिक्षा आल्या की मागून मोटारीपण येतील. मामा म्हणतात, "मोटारी नकोतच, पण ओझंही नको." मला ते पटलं. झाडं आणि शांतता राहिली पाहिजे. पण पाहुण्यांची मजा आणि गावाची पाठ दुखते, असं नको.

तुम्ही माथेरानला गेलात तर जरूर पायी फिरा. आपली पिशवी आपणच उचला. प्लॅस्टिक तिथे टाकू नका. कारण तो कचरासुद्धा कोणीतरी उचलूनच नेतो.

– इयत्ता ४ थी