डोंगरातल्या लाल मातीत स्फुरद असतं, मग ते पिकाला का मिळत नाही?

महाबळेश्वर, आंबोलीसारख्या सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या खडकाची लाल माती दिसते. अशा मातीच्या परीक्षण अहवालात अनेकदा लिहिलेलं असतं, 'उपलब्ध स्फुरद: कमी'. म्हणजे मातीत स्फुरद नाहीच का? तसं नाही. इथे महत्त्वाचा शब्द आहे 'उपलब्ध'.

स्फुरद म्हणजे फॉस्फरस. पिकाची मुळं ते पाण्यात विरघळलेल्या फॉस्फेटच्या रूपातच घेतात. एका वेळी मातीतल्या एकूण स्फुरदाचा एक टक्काही या रूपात नसतो.

बाकीचं स्फुरद कुठे असतं?

• कॅल्शियमसोबत: मूळ खडकातल्या ॲपेटाइट या खनिजात.
• लोह आणि ॲल्युमिनियमसोबत: त्यांच्या ऑक्साइडच्या कणांना घट्ट चिकटलेलं.
• कोंडलेलं: याच ऑक्साइडच्या थरांआड अडकलेलं. हे पिकाला जवळपास मिळतच नाही.
• सेंद्रिय: पालापाचोळा, शेणखत आणि सूक्ष्मजीवांमध्ये.

डोंगरात काय बदलतं?

मुसळधार पावसात कॅल्शियम वाहून जातं, माती आम्लधर्मी होते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. ॲपेटाइटमधून सुटलेलं स्फुरद मग त्यांनाच चिकटतं. माती जुनी होते तसं कोंडलेल्या स्फुरदाचं प्रमाण वाढतं, हे वॉकर आणि सायर्स या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये न्यूझीलंडमधल्या मातीच्या अभ्यासातून मांडलं. तीव्र उतारावर मात्र धूप होऊन ताजा खडक उघडा पडतो. त्यामुळे एकाच डोंगरावर सपाट सड्याची आणि उताराची माती वेगळी वागू शकते.

मग जास्त खत टाकायचं का?

इथेच पैसे वाया जातात. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट फोकून दिलं, तर त्यातलं बरंचसं स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. त्यापेक्षा:

• खत बियाण्याजवळ ओळीत द्या, म्हणजे मातीशी संपर्क कमी येतो.
• शेणखत द्या. त्यातली सेंद्रिय आम्लं चिकटण्याच्या जागा अडवतात.
• सामू फार कमी असेल तर परीक्षणानुसार चुना वापरा. सामू ६ ते ७ असताना स्फुरद सर्वाधिक मिळतं.
• चुना टाकणार नसाल, तर रॉक फॉस्फेटचा विचार करता येतो. ते आम्ल मातीतच हळूहळू विरघळतं.

माती परीक्षणाला देताना एक प्रश्न जरूर विचारा: चाचणी कोणत्या पद्धतीने होणार? आम्ल मातीसाठी 'ब्रे' पद्धत योग्य मानली जाते. 'ऑल्सेन' पद्धत मुख्यतः चुनखडीयुक्त आणि काळ्या मातीसाठी आहे. पद्धत चुकली, तर खताचा हिशेबही चुकतो.