बर्फाखालचा कातळ

श्रोतेहो, पन्हाळ्याचा काळा कातळ आपल्या ओळखीचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर साचून तो झाला. पण त्याच्याखाली काय? २०१७ साली कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल बोअर मारलं, तेव्हा सव्वा किलोमीटरवर याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला.

दक्षिण ध्रुवावरच्या अंटार्क्टिकाचं तसंच आहे. तिथं पांघरूण बर्फाचं, सरासरी २ किलोमीटर जाड! विमानातून सोडलेल्या रेडिओलहरी बर्फातून जाऊन कातळावर आपटून परततात. त्यावरून खालच्या डोंगरदऱ्या कळतात. किनाऱ्यावर मात्र कातळ कुठं कुठं उघडा आहे. आपल्या ‘भारती’ केंद्राजवळचे असे खडक पूर्व घाटातल्या खडकांशी जुळतात. कारण गोंडवन खंडात या दोन्ही भूमी एकमेकींना लागून होत्या. गुरुजी, नकाशे कापून मुलांना ते शेजारपण दाखवा.