‘सत्ता लई दिवस आला नाही, आता येणारच!’

हुबळी-धारवाडात चहाच्या टपरीवर आणि रिक्षा स्टँडवर हे वाक्य सारखं कानावर येतं. ऑफिसात बसणाऱ्या शिकल्यासवरल्यांच्या तोंडीही ते असतंच. समोर कल्याण मटक्याच्या निकालांचा चार्ट उलगडलेला असतो. मागचे सगळे सत्ते लाल पेनाने गोल केलेले असतात आणि शेवटच्या गोलानंतरच्या ओळी बोटाने मोजल्या जातात. त्या ओळींच्या भरवशावर आठवड्याची मजुरी ओसीत जाते. याची चीड येते, कारण यातली चूक शाळेतल्या गणिताने कळण्यासारखी आहे.

ओसी म्हणजे ओपन-क्लोज, अर्थात मटका. मुंबईत आधी न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर पैजा लागत. ते साठच्या दशकात थांबलं, तेव्हा कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी आकडे काढण्याची पद्धत रुळवली. तीन आकडे निघतात, त्यांचा पाना होतो, बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन. २, ६ आणि ९ निघाले तर बेरीज १७, ओपन सत्ता. सोडत प्रामाणिक असेल तर सत्त्याची शक्यता दहात एक. काल आलेला असो नाहीतर तीन महिने न आलेला असो, आज दहात एकच. मागचं काही लक्षात ठेवायला सोडतीला स्मरणशक्ती नाही.

मग हा भ्रम येतो कुठून? मला वाटतं, हाऊजीसारख्या खेळांतून. हाऊजीत निघालेला आकडा परत पिशवीत जात नाही, त्यामुळे उरलेल्यांची शक्यता दर खेपेला खरंच वाढते. मटक्यात मात्र प्रत्येक वेळी सगळे आकडे नव्याने हजर असतात. पहिल्या खेळाचा नियम लोक दुसऱ्याला लावतात.

दुसरं कारण म्हणजे आकडा गायब होणं लोकांना विलक्षण वाटतं. ते विलक्षण नाही. लागोपाठचे कुठलेही २० ओपन घ्या. त्यांत शून्य ते नऊपैकी किमान एक आकडा एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के निघते. म्हणजे दर पाच वेळा असं बघितलं तर जवळपास चार वेळा कुठला ना कुठला आकडा ‘बाकी’ दिसणारच! चार्ट चाळणाऱ्याला त्याचा ‘पक्का’ आकडा हमखास सापडतो तो यामुळे.

हा भ्रम फक्त आपल्याकडचा नाही. इटलीच्या सरकारी लॉटरीत व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा जवळजवळ दोन वर्षं निघाला नाही. लोक दर वेळी जास्त पैसे लावत गेले, एकूण रक्कम अब्जावधी युरोंत गेली, कुटुंबं देशोधडीला लागली, आत्महत्या झाल्या. ९ फेब्रुवारी २००५ ला ५३ निघाला, तोही इतर कुठल्याही आकड्याइतक्याच शक्यतेने. फ्रेंच गणिती लाप्लास याने तर १८१४ च्या आपल्या निबंधात नेमकी हीच चूक लॉटरी खेळणाऱ्यांच्या संदर्भात दाखवून दिली होती. दोनशे वर्षं उलटून गेली तरी तीच चूक!

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: “अहो, सोडत खरी नसतेच, आकडा वरून ठरतो.” बरं, तसं धरून चालू. ठरवणाऱ्याला कुठल्या आकड्यावर किती पैसे लागलेत ते माहीत असेल, तर सगळ्यांनी ‘बाकी’ म्हणून धरलेला आकडा तो काढेलच कशाला? चार्ट दोन्ही बाजूंनी निकामी आहे.

आता इतर समजुती, थोडक्यात.

‘सगळे पाने सारखेच.’ पाने एकूण २२०. तिन्ही आकडे वेगळे असलेले १२०: दहातून तीन निवडायचे, म्हणजे १० × ९ × ८ भागिले १ × २ × ३. हा नियम राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त, म्हणजे नवव्या शतकात आहे. पण तिन्ही आकडे स्वतंत्रपणे निघत असतील तर १, २, ३ सहा क्रमांनी निघू शकतात, १, १, २ तीन आणि १, १, १ एकाच. म्हणून हजारात सहा, तीन आणि एक.

‘दुप्पट लावत गेलं की शेवटी पैसे सुटतात.’ १० रुपयांपासून दुप्पट करत गेलात तर सात हारींनंतर १२७० रुपये गेलेले असतात आणि आठव्या वेळी १२८० लावायचे असतात. तुमचा एकेरी आकडा सलग सात वेळा न येण्याची शक्यता जवळपास ४८ टक्के आहे.

‘जोडीला नव्वदपट मिळतात, मग तोटा कसला?’ ओपन आणि क्लोज या दोन अंकांच्या जोड्या शंभर आहेत. दर शंभर रुपयांमागे सरासरी दहा जातातच.

आणि सगळ्यात क्रूर: ‘तीन मुली झाल्या, आता मुलगाच.’ जगभर साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे जन्मतात. चौथ्या बाळंतपणातही शक्यता निम्म्याच्या आसपासच राहते, आणि आधीच्या तीन मुलींमुळे ती मुलाच्या बाजूला झुकत नाही. मटक्याच्या चार्टवर लावलेलाच हा हिशोब, फक्त इथे डावावर सुनेचा जीव असतो.