दाद

मुलांनो, गाणे कोणाला आवडत नाही? शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण सुरू असले, की मागच्या रांगेत कुजबुज चालते. पण कोणी गोड गळ्याने गाऊ लागले, की सगळे गप्प होतात. गाणे ऐकणे सोपे असते. मात्र दहा जणांची गाणी ऐकून त्यांतले सर्वांत चांगले कोणते, हे ठरवणे फार अवघड. ते कोणी ठरवावे? गाण्यातल्या जाणकारांनी, की तुमच्या-माझ्यासारख्या साध्या श्रोत्यांनी? आणि श्रोत्यांनी ठरवायचे म्हटले, तर ते आपल्याच माणसाची बाजू घेतील, त्याचे काय?

झी मराठी वाहिनीवर २००८-०९ साली 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' ही लहान मुलांची गायनस्पर्धा झाली. तुमच्यापैकी पुष्कळांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना ती नक्की आठवत असेल. अंतिम फेरीत पाच मुले होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि आपल्या मराठवाड्यातला, लातूरचा रोहित राऊत. परीक्षक गाणे ऐकून गुण देत आणि प्रेक्षक मोबाइलवरून संदेश पाठवून मत देत. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजयी झाली.

अशा स्पर्धेत मत देताना आपण काय पाहतो? गाणे पाहतो, आणि गावही पाहतो. 'हा आपल्या भागाचा' असे म्हटले, की बोट आपोआप त्याच्या नावाकडे जाते. २००७ साली 'इंडियन आयडॉल' या हिंदी स्पर्धेत असेच घडले. शेवटचे दोन गायक होते दार्जिलिंगचे प्रशांत तमांग आणि शिलाँगचे अमित पॉल. दोघांच्याही भागांत लोकांनी मते मिळवण्यासाठी मोहीम उघडली. ती निवडणूक आहे की गाण्याची स्पर्धा, असा प्रश्न पडावा! शेवटी प्रशांत तमांग जिंकले. आपल्या माणसाचा अभिमान वाटणे गैर नाही. पण ज्याच्या गावात माणसे थोडी, त्याने किती चांगले गावे म्हणजे तो जिंकेल?

या प्रश्नावर युरोपातल्या एका स्पर्धेने एक साधा उपाय शोधला आहे. त्या स्पर्धेचे नाव युरोव्हिजन गीत स्पर्धा. आपल्या स्पर्धेत एक गायक दुसऱ्या गायकासमोर उभा राहतो. तेथे एक देश दुसऱ्या देशासमोर उभा राहतो.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. युरोपातले देश एकमेकांशी लढून थकले होते. १९५० साली तेथील रेडिओ आणि दूरचित्रवाणी संस्थांनी एक संघ स्थापन केला. एकच कार्यक्रम अनेक देशांत एकाच वेळी दाखवता येईल का, हे या संघाला पाहायचे होते. त्यासाठी गाण्याहून चांगला विषय कोणता? २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो या गावी पहिली स्पर्धा झाली. सात देशांनी प्रत्येकी दोन गाणी सादर केली. स्वित्झर्लंडच्याच लिस आसिया या गायिकेचे गाणे पहिले आले.

त्या पहिल्या वर्षी परीक्षकांना स्वतःच्या देशालाही मत देण्याची मोकळीक होती. कोणाला किती मते पडली, हे जाहीरही झाले नाही. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, नियम बदलला. परीक्षकांनी स्वतःच्या देशाला मत द्यायचे नाही! हा नियम आजपर्यंत टिकून आहे.

आता ही स्पर्धा कशी चालते ते पाहू. प्रत्येक देश एक नवे गाणे पाठवतो. गाणे तीन मिनिटांपेक्षा मोठे असू नये. मंचावर सहापेक्षा जास्त माणसे नसावीत. गायकाने प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष गायलेच पाहिजे. मग गुण दिले जातात. प्रत्येक देशाचे परीक्षक आपल्याला आवडलेली दहा गाणी निवडतात. पहिल्याला १२ गुण, दुसऱ्याला १० आणि त्यापुढच्यांना ८, ७, ६ असे करत दहाव्याला १ गुण मिळतो. त्या देशातील प्रेक्षकही फोनवरून मते देतात आणि त्यांच्या मतांवरून पुन्हा तसेच गुण दिले जातात. लोकसंख्या कोट्यवधी असो वा काही लाख, प्रत्येक देशाच्या हातात गुण सारखेच. मोठा देश म्हणून जास्त गुण देता येत नाहीत. २०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतील लोकही इंटरनेटवरून पैसे भरून मत देऊ शकतात. त्या सर्वांची मते मिळून एका देशाच्या प्रेक्षकांएवढी धरतात.

जाणकार आणि जनता यांचे मत नेहमी जुळतेच असे नाही. २०१६ साली ४२ देशांनी भाग घेतला. परीक्षकांच्या मते ऑस्ट्रेलिया पहिला होता. हा देश युरोपातला नसला, तरी २०१५ पासून त्याला बोलावणे येऊ लागले होते. प्रेक्षकांच्या मते रशिया पहिला होता. युक्रेन दोन्हीकडे दुसरा होता. पण बेरीज केली तेव्हा युक्रेनला ५३४, ऑस्ट्रेलियाला ५११ आणि रशियाला ४९१ गुण झाले. दोन्हीकडे दुसरा आलेला देश जिंकला!

ते गाणे गाणारी जमाला ही वडिलांकडून क्रिमियाची तातार आहे. तातार हे तेथील मुसलमान लोक. १९४४ साली स्टालिनच्या हुकुमाने त्यांना घरादारातून उठवून रेल्वेने दूर मध्य आशियात पाठवण्यात आले. वाटेत आणि तेथे पोहोचल्यावर कित्येक जण दगावले. जमालाच्या पणजीवरही हा प्रसंग आला होता. त्या दुःखावरचे हे गाणे इंग्रजीत आहे, पण त्याचे ध्रुवपद तातार भाषेत आहे. ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ती भाषा येत होती. तरी त्यांनी गुण दिले.

भाषेचा प्रश्न या स्पर्धेत जुना आहे. पूर्वी बरीच वर्षे प्रत्येक देशाला आपल्याच भाषेत गावे लागे. १९९९ पासून ही अट उठली आणि बहुतेक देश इंग्रजीकडे वळले. तुर्कस्तानने २००३ साली स्पर्धा जिंकली, तीही इंग्रजी गाण्यावर. तुम्हाला वाटेल, की आता मातृभाषेत गाणारा मागेच पडणार. पण तसे झाले नाही. पोर्तुगाल १९६४ पासून भाग घेत होता. तो पहिल्यांदा जिंकला २०१७ साली, आणि पोर्तुगीज भाषेतल्या एका शांत, हळुवार गाण्यावर. २०२१ साली इटालियन आणि २०२२ साली युक्रेनी भाषेतले गाणे पहिले आले.

या स्पर्धेत दोष नाहीत असे मात्र समजू नका. स्वतःला मत देता येत नाही, म्हणून काही देश शेजाऱ्याला देतात. ग्रीस आणि सायप्रस हे एकमेकांना १२ गुण देण्याबद्दल प्रसिद्धच आहेत. काही वर्षे निकाल जवळजवळ प्रेक्षकांच्या मतांवरच लागत असे. शेजारधर्माची तक्रार वाढली, तेव्हा २००९ साली अंतिम फेरीत परीक्षकांना पुन्हा निम्मा वाटा दिला गेला. राजकारणही या मंचापासून दूर राहिलेले नाही. युक्रेनवरील हल्ल्यामुळे २०२२ साली रशियाला वगळण्यात आले. गाझातील युद्धामुळे २०२४ साली इस्रायलच्या सहभागाविरुद्ध मोठी निदर्शने झाली. नियम माणसाला न्यायी बनवत नाही. तो फक्त वाट दाखवतो.

आता तीर्थपुरीची गोष्ट सांगतो. एका वर्षी आमच्या शाळेच्या संमेलनात टाळ्यांवरून गाण्याचा निकाल लावायचे ठरले. नववीत साठ मुले होती, आठवीत बावीस. आठवीतल्या एका मुलाने मराठी भावगीत इतके सुंदर गायले, की शिक्षकांचेही डोळे भरून आले. पण प्रत्येक वर्गाने आपल्याच गायकासाठी टाळ्या पिटल्या, आणि साठ जणांच्या टाळ्यांत बावीस जणांच्या टाळ्या बुडाल्या. पुढच्या वर्षी आम्ही नियम केला : प्रत्येक वर्गाने चिठ्ठीवर मत द्यायचे, पण स्वतःच्या वर्गाला नाही. सगळ्या वर्गांना गुण मात्र सारखेच. त्या वर्षी मुलांनी प्रथमच एकमेकांची गाणी कान देऊन ऐकली. पण तो मुलगा त्या वर्षी गायला उभा राहिला नाही. पुष्कळ समजावले, तरी 'नको सर' एवढेच म्हणाला. आमचा नियम त्याच्यासाठी एक वर्ष उशिरा आला, याची मला आजही रुखरुख वाटते.

मुशायऱ्यात तुम्ही पाहिले असेल. एक शायर शेर वाचतो आणि शेजारी बसलेला दुसरा शायर 'वाह वा' म्हणतो. त्याला आपण दाद देणे म्हणतो. हा शब्द फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही आला. मराठीत त्याचा आणखी एक वापर आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, तो 'दाद मागतो', म्हणजे न्याय मागतो. उर्दूतही 'दाद' म्हणजे कौतुक आणि 'दाद' म्हणजे इन्साफ. दोन्ही भाषांनी कौतुक आणि न्याय यांसाठी एकच शब्द ठेवला आहे.

पुढच्या संमेलनात एवढे करा. आपल्या वर्गाचा गायक सोडून दुसऱ्या कोणाचे गाणे आवडले ते ठरवा, का आवडले ते दोन मराठी वाक्यांत लिहा, आणि तो कागद त्याच्या हातात नेऊन द्या.