आमच्या गच्चीवरचा खंजन

'खंजननयना' हा शब्द मी वर्गात पंधरा वर्षे शिकवीत आले आहे. "खंजन पक्ष्याच्या डोळ्यांसारखे चंचल डोळे जिचे ती," असे ठरलेल्या आवाजात सांगायचे नि पुढच्या ओळीकडे वळायचे. खंजन दिसतो कसा, हे एकाही मुलाने कधी विचारले नाही. विचारले असते तर माझीच पंचाईत होती. कारण तो मीही पाहिला नव्हता.

तो मला दाखवला माझ्या सासूबाईंनी, आणि तोही कुठल्या रानात नव्हे, सिडकोतल्या आमच्या घराच्या गच्चीवर.

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या दिवसांत सासूबाई गावी न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण गावी एकटीने राहणे आता शक्य नव्हते, म्हणून ह्यांनी त्यांना इकडे आणले. साऱ्या जन्मात कुणाच्या हातून पाण्याचा पेला न घेतलेली बाई, तिला आता खुर्चीतून उठायलाही माणूस लागे. त्या बोलेनाशा झाल्या. ताट पुढे ठेवले की जेवायच्या, विचारले की "बरं आहे" म्हणायच्या. मी कॉलेजात, हे कचेरीत, मुलगी क्लासला. आमचे बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर, बैठकीपुढे उघडी गच्ची. त्या गच्चीच्या दारात एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत दिवसभर सासूबाई.

दिवाळीच्या आधी एका सकाळी मी घाईघाईने डबे भरीत होते, तो बाहेरून हाक आली, "अगं, परीट आला बघ!" मला वाटले, इस्त्रीवाला. मी कपड्यांचे बोचके घेऊन बाहेर आले, तर जिन्यात कुणीच नाही.

"तो नव्हे गं बाई! तो बघ, कुंड्यांपाशी."

राखी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, गळ्याखाली काळा डाग असलेला एक लांबट पक्षी ओल्या फरशीवर तुरुतुरु धावत होता. थांबला की शेपटी खाली-वर, खाली-वर. जणू घाटावर धुणे आपटणे चालले आहे. "हा आला की थंडी आली समज," सासूबाई म्हणाल्या, आणि मग तो कुठे कुठे दिसायचा, किती धीट असतो, हे सांगत बसल्या. महिन्याभरात त्या एवढे बोलल्या नव्हत्या. मी त्या दिवशी पहिल्या तासाला उशिरा पोचले, आणि त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटले नाही.

दुपारी ग्रंथालयात मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' काढून बसले. परीट म्हणजे धोबी, आणि धोबी म्हणजेच संस्कृत कवींचा खंजन! हिमालयातून नि त्यापलीकडच्या उत्तरेकडच्या मुलखांतून हा हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो. क्षणभर म्हणून एका जागी ठरत नाही. कवींनी तो नीट पाहिला होता. न पाहता शिकवीत होतो ते आम्ही.

तेव्हापासून आमच्या घरी एक वही आहे. जुन्या हजेरीपटाची उरलेली पाने शिवून केलेली. सासूबाई सांगतात, मी नाहीतर मुलगी लिहिते. जास्वंदीवर शिंजीर कधी आला, बुलबुलाने मधुमालतीत घरटे केव्हा बांधले, मांजराने ते केव्हा मोडले. पावसाच्या तोंडावर चातक येतो. तो थेट आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो, हे मी सांगितले तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. पावशा "पेर्ते व्हा" म्हणतो, हे मात्र त्यांनीच मला ऐकायला शिकवले. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. ते मी किती वेळा वाचले असेन! पण महिने असे नाकासमोरून जाताना मी पाहिले नव्हते.

खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंनाही हे वेड लागले. त्या हिमायत बागेकडे फिरायला जातात, तिथल्या जुन्या आमराईत हळद्या दिसला की सासूबाईंना मोबाइलवर कळवतात. बदल्यात इकडून त्यांना सीताफळे जातात. ती बहुधा दौलताबादची, दारावर पाटीवाली आणते ती. दिल्ली दरवाजाजवळचे सालिम अली सरोवर म्हणजे जुना खिजरी तलाव. सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आणि आपला हा मुलूख तेव्हा त्याच संस्थानात होता. तेव्हा गावातल्या तळ्याला त्यांचे नाव आहे ते काही परक्याचे नाही.

एकदा वहीत 'भोरड्या' लिहिताना सासूबाई हसल्या. "ह्यांना मी गोफणीनं हाणलंय." त्यांचे माहेर पैठणच्या बाजूला, गोदाकाठी. लहानपणी शाळू हुरड्यात आला की माळ्यावर उभे राहून भोरड्या हाकलणे हे त्यांचे काम. हजारांनी थवे यायचे, आभाळच फिरल्यासारखे व्हायचे. मग १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिराबाईंनी धरण देशाला अर्पण केले, आणि तो माळा, ते शेत, ते गाव नाथसागराखाली गेले. वडील पुनर्वसनाच्या गावी गेले नि लवकरच वारले. एवढेच त्या बोलल्या, आणि "लिही, भोरड्या, चाळीस-पन्नास," म्हणाल्या.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र आमची खडाजंगी झाली. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, पिंपे मोजून वापरायची, आणि सासूबाईंना पाखरांच्या परळात रोज तांब्याभर ताजे पाणी हवे! मी म्हटले, "आई, आपल्यालाच पुरत नाही. तांदूळ धुतलेलं घालू या." ते झाडांना घाल, म्हणाल्या. मी चिडून काहीतरी बोलले, इथे लिहिण्यासारखे नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे पाणी पैठणहून येतं ना? मग माझ्या बापाच्या शेतावरचंच आहे. त्यातला एक तांब्या मला दे."

पुढे मी काय बोलणार? परळ भरले.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीत, आम्ही त्यांना नाथसागरावर नेले. जायला त्या तयार नव्हत्या. मुलीने हट्ट धरला. १९८६ पासून तिथे पक्षी अभयारण्य आहे. पाणी हटले की काठची गाळाची जमीन उघडी पडते, तीत गाळपेर होते, आणि त्या चिखलात नि उथळ पाण्यात पाखरांची जत्रा भरते. आम्ही गाडी काठाशी उभी केली, दार उघडून सासूबाईंना तशाच बसू दिले. दूरवर रोहितांची एक गुलाबी रेघ होती. अलीकडे नारिंगी अंगाची दोन मोठी बदके चरत होती. चक्रवाक! लडाख-तिबेटकडून आलेले. रात्री एकमेकांपासून दुरावणारे म्हणून कवींनी ज्यांना रडवले ते हेच जोडपे. मी माझी सारी विद्वत्ता मुलीला ऐकवीत होते.

सासूबाईंचे लक्ष नव्हते. त्या पाण्याकडे बोट करून मुलीला सांगत होत्या, "त्या पाखरांच्या मागं विहीर होती. तिच्या ह्या अंगाला चिंच. माळा तिथं, जरा डावीकडं." मुलगी दुर्बीण लावून खरोखरच तिथे शोधीत होती. जरा वेळाने चक्रवाकांतले एक मान वर करून ओरडले. "बसू दे त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "आता कुठं शाळू आहे तिथं!"

परतताना सबंध वाट त्या झोपल्या होत्या. घरी आल्यावर वही मागून घेतली, आणि दुसऱ्या कुणाला न सांगता स्वतःच्या हाताने, मोठाल्या अक्षरांत, त्या दिवसाची नोंद केली. पाखरांच्या नावांखाली आपल्या माहेरच्या गावाचे नाव लिहिले आहे.

हे लिहिते आहे तेव्हा पाऊस सरत आला आहे, पारिजातकाचा सडा पडतो आहे. परीट अजून आलेला नाही. सासूबाई आता काठी टेकीत गच्चीच्या कठड्यापर्यंत जातात. काल त्यांनी मुलीला बजावले आहे, की सकाळी कुंड्यांना पाणी घालताना थोडे फरशीवर सांडू दे, त्याला ओली जागा लागते.