तापातली डोकेदुखी, नागीण आणि 'बाहेरची बाधा'

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील बारावीच्या एका मुलाला ताप आला. डोके खूप दुखत होते. मेडिकलमधून गोळी आणून घरच्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी तो आईला ओळखेना, असंबद्ध बोलू लागला. शेजारी म्हणाले, "बाहेरचे दिसते." भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो असलेल्या त्या घरातून मुलाला रिक्षात घालून देवऋषीकडे नेले. अंगारा झाला, दोरा बांधला. रात्री झटके आले तेव्हा कुठे रुग्णालय गाठले. निदान झाले : हर्पिसच्या विषाणूमुळे झालेला मेंदूज्वर. मुलगा वाचला, पण सकाळी वाचलेले त्याला दुपारी आठवत नाही. आदल्या संध्याकाळी त्याच गल्लीत आमचा वर्षावासाचा कार्यक्रम होता. आम्हा कार्यकर्त्यांना काहीच पत्ता नव्हता.

म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

तापात डोके का दुखते?

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. त्याच्या भोवतीची आवरणे आणि रक्तवाहिन्या मात्र संवेदनशील असतात. शरीर जंतूंशी लढताना जी रसायने तयार करते, त्यांनी ताप चढतो आणि या भागातील नसाही चेतवल्या जातात. पाणी कमी प्यायल्यास दुखणे वाढते. सर्दी-फ्लूची अशी डोकेदुखी विश्रांती, पाणी आणि पॅरासिटामॉलने उतरते. जंतू मेंदूपर्यंत किंवा त्याच्या आवरणापर्यंत पोहोचले, तर मात्र गोष्ट वेगळी असते.

हर्पिस : एक कुटुंब, अनेक आजार

ओठावर येणारी तापाची पुटकुळी, जननेंद्रियावरील फोड, कांजिण्या आणि नागीण हे सगळे हर्पिस कुटुंबातील विषाणूंचे आजार आहेत. हे विषाणू एकदा शरीरात शिरले की नसांमध्ये दडून राहतात. ओठावरच्या पुटकुळीचा विषाणू जगात बहुसंख्य लोकांच्या शरीरात असतो. त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. जननेंद्रियावर फोड, सोबत ताप आणि तीव्र डोकेदुखी असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. या विषाणूने मेंदूच्या आवरणालाही सूज येऊ शकते.

क्वचित ओठावरच्या पुटकुळीचाच विषाणू मेंदूत शिरतो. तो बहुधा कानशिलामागच्या, स्मृती आणि भाषा सांभाळणाऱ्या भागावर हल्ला करतो. म्हणून ताप आणि डोकेदुखीबरोबर माणूस विचित्र वागतो, नावे विसरतो, नसलेले वास किंवा आवाज आल्याचे सांगतो. नेमके यालाच आपल्याकडे 'अंगात आले', 'बाधा झाली' म्हणतात. उपचार न झाल्यास अशा १०० पैकी सुमारे ७० रुग्ण दगावतात. शिरेतून असायक्लोव्हिर वेळेत सुरू झाले, तर हे प्रमाण २० ते ३० पर्यंत खाली येते. देवऋषीच्या दारात गेलेला एक दिवस किती महाग पडतो, हे यावरून कळावे.

नागिणीबद्दलही असाच गैरसमज आहे. तोंड आणि शेपूट जुळले की माणूस मरतो, असे सांगितले जाते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू एखाद्या नसेत पुन्हा जागा होतो आणि त्या नसेच्या वाटेने फोड येतात. ती नस शरीराच्या एकाच बाजूला असते, म्हणून विळखा सहसा पूर्ण होतच नाही. फोड येण्याआधी दोन-चार दिवस त्या जागी आग आणि ठणका असतो. कपाळावरची नागीण असेल, तर तेव्हा फक्त अर्धे डोके दुखते. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. दृष्टी जाण्याचा धोका असतो. औषध फोड आल्यापासून ७२ तासांत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी पडते. गेरू लावण्यात हेच तास जातात.

आपल्या भागातील इतर ताप

डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखते. अशा वेळी अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये. रक्तस्राव वाढू शकतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणे आणि लाल डोळे असतील, तर लेप्टोची शंका घ्यावी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे अनुभवले आहे. शेतात, गवतात काम करणाऱ्याच्या अंगावर काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस असू शकतो. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील त्याच नावाच्या गावात सापडला. तो लहान मुलांना काही तासांत बेशुद्ध करतो. आणि आठवड्यांमागून आठवडे डोके दुखणे, बारीक ताप, वजन घटणे, उलट्या असे असेल, तर मेंदूच्या आवरणाचा टीबी तपासायलाच हवा.

ही चिन्हे दिसली की थांबू नका

- ताप आणि डोकेदुखीबरोबर मान ताठ होणे, हनुवटी छातीला न लागणे
- वागण्या-बोलण्यात बदल, गोंधळ, खूप गुंगी
- झटके येणे, हातपाय लुळे पडणे
- वारंवार उलट्या, उजेड सहन न होणे
- दाबूनही न जाणारे लाल-जांभळे चट्टे
- तान्ह्या बाळाची टाळू फुगणे, दूध न ओढणे

१०८ ला फोन करा. डॉक्टर पाठीतले पाणी तपासायचे म्हणाले, तर घाबरून नकार देऊ नका. त्याने अपंगत्व येते ही भीती निराधार आहे. सुई टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो. या तपासणीवर बहुतेकदा योग्य निदान अवलंबून असते.

आपले काम

१९५६ साली आपण देव-दैवते सोडली, पण आजारपणाच्या रात्री ती मागच्या दाराने घरात येतात. त्याबद्दल त्या आईला दोष देऊन चालणार नाही. तिच्या जवळ देवऋषी होता, आम्ही नव्हतो. प्रत्येक विहाराच्या फलकावर वरची यादी आणि आशाताईंचा नंबर लावता येईल. रात्री रुग्णासोबत जाणारे चार तरुण ठरवता येतील.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, खाटेवर निजवले आणि मग संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले. चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगताना, रुग्णाला काय हितकर आणि काय अहितकर हे त्याला कळावे, असेही ते म्हणाले. ते कळण्याइतके ज्ञान आज आपल्यापाशी आहे. ते गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत नेणे बाकी आहे.

जय भीम!