इंडियम कुणाचं ऐकत नाही

जबलपूरच्या गोहलपुरात लाकडावर नावं कोरणारी दोन यंत्रं शेजारी शेजारी चालताना पाहिली, तेव्हापासून लेसरच्या रंगाचं खूळ डोक्यात आहे. दोन्हींवर ४५० नॅनोमीटरचा शिक्का, पण एकाचा ठिपका जांभळट आणि मंद, दुसऱ्याचा आकाशी आणि झगझगीत. मालकाला पहिलं यंत्र कमजोर वाटत होतं. तसं असेलच असं नाही. अशा यंत्रांतल्या लेसर डायोडच्या माहितीपत्रकात ४४० ते ४६० अशी ऐसपैस मुभा असते आणि तेवढ्याच शक्तीचा ४६०चा किरण माणसाच्या डोळ्याला ४४०च्या अडीचपटीहून अधिक उजळ दिसतो.

ही मुभा कारखानदाराच्या आळशीपणामुळे आलेली नाही, ती इंडियममुळे आली आहे. डायोडमधलं गॅलियम नायट्राइड एकटं असेल तर अतिनील प्रकाश देतं. त्यात इंडियम मिसळावं तसा प्रकाश निळ्याकडे सरकतो. तो जिथे जन्मतो तो थर जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचा. गॅलियम नायट्राइडला हजार अंशांच्या वर तापमान लागतं, पण तेवढ्या उष्णतेत इंडियम उडून जातं. म्हणून भट्टी सातशे-आठशेवर उतरवावी लागते. तिथेही अंशा-दोन अंशांनी तापमान हललं, किंवा ज्या चकतीवर हा थर वाढवतात तिच्या कापाचा कोन किंचित बदलला, की इंडियमचं प्रमाण बदलतं. एकाच चकतीच्या मध्यावरचा डायोड आणि कडेचा डायोड सख्खे भाऊ असूनही रंगाने वेगळे निघतात. मग ते मोजायचे आणि गटवारी लावायची.

मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शुजी नाकामुरा यांनी जपानमधल्या निचिया कंपनीत १९९५च्या अखेरीस निळ्या-जांभळ्या लेसरचे पहिले झोत काढले, तेव्हा निव्वळ इंडियम नायट्राइडचा मूलभूत आकडाच पुस्तकांत चुकीचा छापलेला होता. त्याची ऊर्जा-फट, म्हणजे प्रकाशाचा रंग जिच्यावर ठरतो ती, १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट मानली जाई. या आकड्याला मुख्य आधार १९८६ साली ऑस्ट्रेलियात टॅन्सली आणि फॉली यांनी केलेल्या मोजणीचा होता. (या कॅथी फॉली पुढे त्या देशाच्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या.) २००१-०२च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या आयोफे संस्थेत आणि बर्कलीत अधिक शुद्ध स्फटिक तपासले गेले आणि आकडा ०.७च्या आसपास उतरला. जुने नमुने अशुद्ध होते का, त्यांत ऑक्सिजन शिरला होता का, यावर बरीच वर्षं वाद चालला. एवढी मोठी तफावत असूनही लेसर बाजारात आला होता, कारण कारागीर पुस्तकावर विसंबले नव्हते. त्यांनी चकत्या वाढवल्या, रंग पाहिला, भट्टी हलवली. सिद्धांतवाल्यांना हे मान्य करायला जड जातं, असं मला वाटतं.

वस्तू कोरणाऱ्याला दहा नॅनोमीटर इकडे-तिकडे झाले तरी फारसं बिघडत नाही. अणूला मात्र चालत नाही. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत स्ट्रॉन्शियमचे अणू लेसरने थंड करण्याचं काम चालतं. त्यासाठी ४६०.८६ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो आणि अणू ज्या पट्ट्यात तो स्वीकारतो त्याची रुंदी अवघी ०.००००२ नॅनोमीटर. माहितीपत्रकातली मुभा याच्या सुमारे दहा लाख पट रुंद आहे. डायोड तापवला तर एका अंशाला ०.०५ नॅनोमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे वीस अंश तापवून पदरात पडतो एक नॅनोमीटर. जाळीचा आरसा लावून आणखी थोडं ओढता येतं. ४५०चा डायोड त्या अणूपर्यंत पोचवणं जवळपास अशक्य. म्हणून असल्या कामाला गटवारीतले काठावरचे, ४६०च्या आसपासचे डायोड निवडून आणि जास्त पैसे मोजून घ्यावे लागतात.